पुतळाबाईंनी सरकवलेलं वचन

डिसेंबर १९९८च्या दुसऱ्या आठवड्यात नाशिकरोडला जेल रोडच्या मागच्या गल्लीत बातमी फुटली, की पुतळाबाई त्रिभुवनांनी आपला देव दसकच्या घाटावर नेऊन गंगेत सोडला. सोडला म्हणजे अगदी रीतसर. डब्यात घालून, झाकण लावून, पाण्याला नमस्कार करून. बघणारी दोन माणसं होती, ऐकणारी चाळीस. संध्याकाळपर्यंत डब्याची परात झाली होती आणि परातीत हार-फुलंही येऊन पडली होती. शेजारच्या भागीबाईंनी तर असंही सांगून टाकलं, की पुतळाबाई आता चर्च सोडून येत्या संकष्टीपासून उपास धरणार आहेत.

यातलं खरं एवढंच, की डबा होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर दोन मांजरं असलेला. तो घाटावर गेला आणि जसा गेला तसाच घरी परत आला. पाण्याला नमस्कार कुणी केला नाही. शेवाळलेल्या पायरीवरून पुतळाबाई घसरल्या, तेव्हा तोल सावरायला दोन्ही हात पुढे आले, तेवढेच. आणि देव काही त्या डब्यात नव्हता.

होता की नव्हता, हाच तर चार महिने पुतळाबाईंच्या जिवाला लागलेला घोर होता.

नावात पुतळा आणि घरात मूर्ती औषधालाही नाही, हा विनोद गल्लीनं त्यांच्यावर इतक्या वेळा केला होता, की अलीकडे त्या स्वतःच आधी करून मोकळ्या व्हायच्या. मूळच्या येवल्याच्या. आजोबा मागावर पैठणी विणता विणता ख्रिस्ती झाले, पण नातीचं नाव ठेवताना आजीनं कुणाला विचारलं नाही. पुतळाबाईंनी तीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवली, त्यामुळे त्यांचं स्वतःचं अक्षर असं, की किराण्याची यादीसुद्धा फ्रेम करून लावावी. नवरा हिरामणभाऊ एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर. त्यांचा पांढरा सदरा दोरीवर वाळत घातला, की करडा दिसायचा. नवरा बायकोपेक्षा वर्षानं लहान आहे, ही बातमी गल्लीत दर दिवाळीला नव्यानं सांगितली जायची आणि दर दिवाळीला नव्यानं आवडायची.

तर तो डबा. त्यांच्या चर्चमध्ये एक जानेवारीच्या सकाळच्या उपासनेला प्रत्येक घरानं डब्यात हात घालून एक सुरळी उचलायची, अशी रीत. सुरळीत शास्त्रातलं एक वचन. ते त्या घराचं वर्षाचं वचन. घरी नेऊन कपाटाच्या आरशाला चिकटवायचं आणि वर्षभर देव आपल्याशी काय बोलतोय ते त्यात बघत राहायचं. पोराचा दहावीचा निकाल असो, बदली असो, म्हशीचं दुखणं असो, आधी आरशाकडे नजर. ही वचनं वीस वर्षं पुतळाबाईच लिहायच्या. हिरामणभाऊ वर्षभर लग्नपत्रिका जमवून त्यांच्या कोऱ्या पाठी पट्ट्यांसारख्या कापून द्यायचे. एका वर्षी पाठीमागे प्रभूचं वचन आणि पुढे गणपती असं निघालं, तेव्हा पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तेव्हापासून हिरामणभाऊ गणपतीचा तुकडा आधी कापून भागीबाईंना नेऊन द्यायचे. दोन्ही देवांची सोय व्हायची.

पुतळाबाईंचा एक नियम मात्र कुणाला ठाऊक नव्हता. शास्त्रात गोड वचनं आहेत तशी कडूही आहेत. पुतळाबाईंच्या डब्यात कडूला मज्जाव होता. आशीर्वाद, शांती, आधार, भरभराट. वर्षाच्या पहिल्या दिवशी माणसाच्या हातात रडगाणं कशाला द्यायचं, असा त्यांचा हिशेब. पहिलीच्या पोराच्या पाटीवर त्यांनी कधी शून्य लिहिलं नव्हतं, तसंच हे.

यात एकदाच घोटाळा झाला. १९९७च्या जानेवारीत मैनाच्या वाट्याला जे वचन आलं, ते अर्धं गोड होतं. पुरातून गेलास तरी मी सोबत असेन, अशा अर्थाचं. पुतळाबाईंनी ते 'सोबत'साठी लिहिलं. मैनानं त्यातला 'पूर' वाचला. मैना म्हणजे चर्चमधल्या तरण्या सुनांपैकी सगळ्यात बडबडी, शाळेचे गणवेश शिवणारी. नवरा यादव रिक्षा चालवायचा आणि रिक्षातल्या गिऱ्हाइकाला उतरेपर्यंत हसवायचा. त्याच जुलैत यादवचे पाय सुजले, मग पोट, मग चेहरा. डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या. अंगात पाणी साठतंय.

"पाणीच लिहिलं होतं ना, काकू," मैना तेव्हा म्हणाली होती. "पाणीच आलं."

पुतळाबाईंना त्या दिवसापासून रुतलं ते रुतलंच.

म्हणून पुढच्या जानेवारीत, १९९८च्या, रांगेत मैना समोर आली आणि तिनं हातच पुढे केला नाही, तेव्हा पुतळाबाई तयारीत होत्या. मैना कुजबुजली, "काकू, भीती वाटते हो. या वर्षी काय म्हणतो तो, तेच बघायचंय. पण भीती वाटते." तिनं डोळे गच्च मिटून हात डब्यात घातला. बोटं थरथरत होती. पुतळाबाईंच्या अंगठ्याखाली एक सुरळी आधीपासून दाबलेली होती, घरूनच वेगळी काढलेली. ती त्यांनी अलगद मैनाच्या बोटांत सरकवली. मरणार नाही, जगेल, अशा अर्थाचं वचन. वीस वर्षांत पहिल्यांदा आणि एकदाच.

मैनानं ते तिथंच उघडून वाचलं आणि चर्चच्या मधोमध बसकण मारून रडली. आनंदानं. अख्खी मंडळी आमेन म्हणाली. पुतळाबाईही म्हणाल्या, जरा मोठ्यानंच.

जूनमध्ये यादवला तीन आठवडे खरंच उतार पडला. रिक्षा पुसायला लागला, शेजारणींची चेष्टा करायला लागला. पुतळाबाईंना वाटू लागलं, आपल्या अक्षराची देवानं लाज राखली. त्याला हवं तर तो आपल्या अंगठ्यातूनही बोलेल, कोण अडवणार? ऑगस्टमध्ये यादव पुन्हा दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, त्याच्या आईला बोलावून घ्या. आई साळूबाई, तिकडे बागलाणात नामपूरला. मैना म्हणाली, "म्हातारीला कशाला घाबरवायचं? आम्हाला वचन आहे." शुक्रवारी सकाळी यादव गेला. निरोप मिळून साळूबाई एस्टीनं नाशिकरोडला पोहोचल्या तेव्हा पेटीचं झाकण लागलेलं होतं.

तिथून पुढे पुतळाबाईंचं काय झालं, ते गल्लीनं पाहिलं, पण गल्लीला कळलं नाही. दाराची कडी वाजली, की त्या दचकायच्या. बाजाराला मैनाच्या घरावरून जायचा रस्ता सोडून त्यांनी लांबचा धरला. चर्चमध्ये शेवटच्या आशीर्वादाआधीच चप्पल शोधायला लागायच्या. हिरामणभाऊंनी विचारलं, "अगं, कुणी मागं लागलंय का?" तर म्हणाल्या, "पित्त झालंय." चार महिने पित्त. त्या काळात त्या एवढं कोकम सरबत प्यायल्या, की दुकानदारानं बाटली मागण्याआधीच काढून ठेवावी.

पित्त नव्हतं. दोन भीत्या होत्या. एक साधी. कळलं तर लोक काय म्हणतील? वीस वर्षांचा मान, पुतळाबाईंनी लिहिलेलं म्हणजे देवाघरचंच, हा जो लौकिक, तो एका अंगठ्यापायी जाणार. दुसरी भीती मात्र कोकमानं शमणारी नव्हती. देवाचा हात धरून आपण त्याला लिहायला लावलं, म्हणून रागानं त्यानं ते पुसून टाकलं असेल का? आपण मधे पडलो नसतो, तर पोरगा वाचला असता का? ताटावर बसलं, की हा प्रश्न समोर येऊन बसायचा आणि घास फिरायचा.

ऑक्टोबरात महिला मंडळाच्या प्रार्थनेला मैना पहिल्यांदा आली. पिशवीतून तिनं ती लग्नपत्रिकेची पट्टी काढली, मधल्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मला एवढंच सांगा. देवानं हे लिहून दिलं आणि मोडलं का?"

मंडळात उत्तरांना तोटा नसतो. निवृत्त नर्स सविताबाई म्हणाल्या, "देव दुःख देतो ते आपल्याला घडवायला, मैना. माझं बघ, किती घडले मी." दुसरी कुणी म्हणाली, आपली परीक्षा असते. तिसरी म्हणाली, पुढे काहीतरी मोठं चांगलं ठेवलेलं असतं, आपल्याला आत्ता दिसत नाही. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि शांतपणे सांगितलं, की देवानं माणसाला मोकळीक दिली, माणसानं जग बिघडवलं, आजार त्या बिघाडाचाच भाग. देव तो पाठवत नाही, पण त्यातून आपल्याला एकटं जाऊ देत नाही. प्रभूनं स्वतः क्रूसावर सगळं सोसलं, दुःख त्याला नुसतं बाहेरून ठाऊक नाही.

मैना सगळं ऐकून म्हणाली, "साहेब, ते खरं असेल. पण ते मी विचारतच नाहीये. दुःख का दिलं असं मी विचारलं नाही. दुःख सगळ्यांनाच देतो. मी विचारते, आधी लिहून का दिलं? मला काही न सांगता नेलं असतं, तर मी रडले असते. आता मी त्याच्यावर विश्वास कसा ठेवू?"

मग सविताबाईंनी, अगदी प्रेमानं, मैनाच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "वचन तर खरंच असतं गं. आपलाच विश्वास कुठेतरी कमी पडतो."

मैनानं पट्टी उचलली आणि निघून गेली.

पुतळाबाई टेबलापासून दोन हातांवर बसल्या होत्या. मंडळात प्रत्येक प्रश्नाला सगळ्यात आधी त्यांचं उत्तर यायचं. कधी कधी तर प्रश्न पुरा होण्याआधी. त्या दिवशी त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मैनाच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या खोलीत एकट्या त्यांनाच माहीत होतं. आणि त्या उत्तरात एक जण खोटा ठरणार होता. देव, नाहीतर पुतळाबाई त्रिभुवन.

डिसेंबर लागला. पाळकसाहेबांनी निरोप पाठवला, वचनं लिहायला घ्या. हिरामणभाऊंनी दोनशे पट्ट्या कापून टेबलावर ठेवल्या. पुतळाबाई पेन उघडून बसल्या. एक शब्द उमटेना. पेन टेकलं, की वाटायचं, हे कुणाच्या हातात जाणार आणि ते घर याच्यावर काय काय उभं करणार? तिसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या पट्ट्या, जुनी उरलेली वचनं, दोऱ्याचं रीळ, सगळं डब्यात कोंबलं आणि दसकचा घाट गाठला. आता शास्त्रातली वचनं जाळता येत नाहीत, कचऱ्यात टाकता येत नाहीत. नाशिकमध्ये जन्म काढलेल्या माणसाला तिसरी जागा एकच ठाऊक असते. ख्रिस्ती असलं म्हणून काय झालं?

घाटावर जैतुनबी गोधडी आपटत होत्या. पुतळाबाईंच्या मागच्याच घरात राहणाऱ्या, तीस वर्षांपासूनच्या शेजारीण. पुतळाबाई पायरीवर घसरल्या तशा जैतुनबी ओल्या हातांनी धावल्या आणि दंड धरून त्यांना वर बसवलं.

"काय गं पुतळा, बिस्किटं खायला इथं आलीस? घरी हिरामण वाटेकरी होतो म्हणून?"

पुतळाबाईंना हसू फुटेना. रडू फुटलं. आणि मग चार महिन्यांचं सगळं, अंगठ्यासकट, बाहेर आलं. जैतुनबींनी गोधडी पिळायचं थांबवलं नाही, पण ऐकत होत्या.

"आणि आता मला वाटतं, जैतुन, मी मधे हात घातला म्हणून देवानं रागानं त्याला नेलं."

जैतुनबींनी पीळ सोडला. "क्या बोलती तू? तुझ्या कागदावर रागावून अल्ला कुणा दुसरीचा मरद उचलेल? इतका छोटा समझती उसको? मास्तरीण आहेस म्हणून त्यालाही पहिलीत बसवलंस काय?"

पुतळाबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"यादव किडनीनं गेला. तुझ्या चिठ्ठीनं नाही गेला. पण त्या पोरीला तू जे सांगितलं नाहीस, ते तुझ्या चिठ्ठीचं आहे. ते पाण्यात टाकून कसं जाईल? पाणी इथंच एकलहऱ्याच्या बंधाऱ्याला अडतं, तुझा नवरा उद्या काढून घरी आणील." त्यांनी डबा पुतळाबाईंच्या मांडीवर ठेवला. "जा. चप्पल घाल आधी, एक वाहून गेली बघ."

एका पायात चप्पल आणि काखेत डबा अशा पुतळाबाई गल्लीतून गेल्या. भागीबाईंनी जे पाहिलं ते हे. आणि घरी न वळता त्या सरळ मैनाच्या दाराशी गेल्या, हे मात्र भागीबाईंनी पाहिलं नाही. त्या तोवर बातमी सांगायला आत पळाल्या होत्या.

मैनाच्या दारात रिक्षा उभी होती, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली. आत शिलाई मशीन चालू होतं. साळूबाई नामपूरला परत गेल्याच नव्हत्या. भिंतीशी बसून मूग निवडत होत्या. कुणी पाणी देण्याआधीच पुतळाबाई बोलल्या. थांबल्या असत्या तर पुन्हा पित्त झालं असतं.

"मैना, ते वचन देवानं दिलं नव्हतं. मी दिलं होतं."

मशीन थांबलं. चाक तेवढं थोडं फिरत राहिलं.

"म्हणजे?"

"घरूनच वेगळं काढून आणलं होतं. अंगठ्याखाली. तू डोळे मिटलेस, तेव्हा तुझ्या बोटांत सरकवलं."

"बाकीच्यांना?"

"ज्याच्या हाताला जे लागलं ते."

"फक्त मला."

"फक्त तुला. तुझा हात थरथरत होता, मला बघवलं नाही."

मैनानं मशीनवरच्या गणवेशाच्या बाहीचा दोरा तोडला. मग हसली. ते हसू ऐकून पुतळाबाई उंबऱ्यावरच टेकल्या.

"चार महिने मी देवाला शिव्या देतेय, काकू. रोज सकाळी उठून. त्या दिवशी मंडळात तुम्ही समोर बसून ऐकत होतात."

"हो."

"सविताबाई म्हणाल्या माझा विश्वास कमी पडला, तेही ऐकलंत."

"ऐकलं."

"आणि गप्प बसलात."

"बसले."

साळूबाईंनी मूग बाजूला सारले. त्यांना वाचता येत नव्हतं. मैनानं आरशाला पुन्हा चिकटवलेल्या त्या चिठ्ठीत काय आहे, हे त्यांना आजवर कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मैनानं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि पुतळाबाईंकडे बघून, आवाज न चढवता आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "तुन्हा कागदमुये माले उशिरा कयनं. मन्हा आंडोर तं जातच व्हता. पन मी त्यानं तोंड देखी लेतू." पोराचं तोंड शेवटचं बघायचं राहिलं, ते या कागदापायी. मग म्हणाल्या, "हाई देवना माथे नको टाकू, बाई. हाई तुन्हं शे."

याला शास्त्रात कुठं उत्तर असेलही. पुतळाबाईंनी शोधलं नाही. "माझंच आहे," म्हणाल्या.

मैना उठली, आरशाची पट्टी नखानं सोडवली आणि पुतळाबाईंच्या हातात दिली. "रविवारी साक्षीच्या वेळी उभ्या राहा. सगळ्यांसमोर सांगा. मग पुढचं बघू." तिनं पुन्हा मशीनवर पाय ठेवला. बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

रविवारपर्यंतचे चार दिवस पुतळाबाईंनी कसे काढले ते हिरामणभाऊंना विचारावं. पहिल्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. हिरामणभाऊ डोकं धरून म्हणाले, "इतकी वर्षं मी गणपती कापून काढले, आणि तू मागं हे धंदे करत होतीस?" दुसऱ्या दिवशी पुतळाबाईंना ताप आला. तिसऱ्या दिवशी उतरला, तेव्हा त्यांची निराशाच झाली. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला वाटतं मी आजारीच आहे." हिरामणभाऊंनी निमूटपणे त्यांची पांढरी साडी इस्त्री करून ठेवली.

साक्षीची वेळ म्हणजे देवानं काय काय दिलं ते उभं राहून सांगायची वेळ. एकाच्या मुलाला नोकरी लागली होती, एकीची आखडलेली मान मोकळी झाली होती. मग पुतळाबाई उभ्या राहिल्या. समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. पाळकसाहेबांनी सवयीनं हसून मान हलवली. तिसऱ्या वाक्याला त्यांचं हसू गेलं. पुतळाबाईंनी काहीच झाकलं नाही. अंगठा, घरून काढलेली सुरळी, साळूबाईंची एस्टी, मंडळातलं गप्प बसणं. शेवटी म्हणाल्या, "मैनाचा विश्वास कमी पडला नव्हता. ती चिठ्ठी माझी होती. देवानं काही मोडलं नाही, त्यानं ते लिहिलंच नव्हतं."

सविताबाईंनी चष्मा पुसायला काढला आणि उपासना संपेपर्यंत पुसत राहिल्या.

पुढचे दहा दिवस चर्चच्या घराघरांतून आरशांवरची वचनं उतरवून तपासली गेली. आमचं खरं, की पुतळाबाईंचं? ज्यांचं वर्ष चांगलं गेलं होतं, त्यांचा ठाम दावा, की आमच्या वेळी डब्यात देवच होता. ज्यांचं वाईट गेलं, त्यांना अंगठा स्पष्ट आठवायला लागला. एकानं तर १९८६ सालची दुखणी काढली. पुतळाबाईंनी प्रत्येकाला एकच सांगितलं, फक्त एकदा, फक्त मैनाला. कुणी विश्वास ठेवला, कुणी नाही. रस्त्यात त्यांना बघून काही बायका आता बोलणं आवरतं घ्यायच्या. ज्याची भीती होती ते सगळं झालं. तरी घास उतरायला लागला, हे मात्र खरं.

चर्चच्या कमिटीत ठरत आलं होतं, की ही डब्याची रीतच बंद करावी. तेवढ्यात मैना दारातून म्हणाली, "बंद का? माझं वचन मला अजून मिळालंच नाही."

सगळे वळले.

"काकूंनीच लिहावीत. अक्षर दुसऱ्या कुणाचं वाचता येतं? पण डबा मी धरणार. आणि काकू, शास्त्रात रडणारी माणसं पण आहेत ना? देवाला जाब विचारणारी? तू कुठं आहेस म्हणणारी? ती वीस वर्षांत एकदाही डब्यातून निघाली नाहीत. ती कुठं गेली?"

पुतळाबाई म्हणाल्या, "मी ठेवली नव्हती."

"या वर्षी ठेवा. मला ती वाचायला मिळाली असती, तर मला वाटलं असतं की मी एकटीच नाही."

पाळकसाहेबांनी टाळूवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आहेत. पुष्कळ आहेत. कुठं शोधायची, मी दाखवतो."

१ जानेवारी १९९९. डबा मैनाच्या हातात. पुतळाबाई शेवटच्या बाकावर, दोन्ही हात मांडीवर, अंगठे वर, सगळ्यांना दिसतील असे. रांग सरकत होती. प्रत्येक सुरळी उघडली, की त्या मान उंचावून बघत होत्या. गोड की कडू? कुणाच्या घरात कसलं जाणार? कुणाचा चेहरा उजळत होता, कुणी कपाळाला आठ्या घालून दोनदा वाचत होतं. आपण सगळ्या दोनशे वचनांना ओळखतो, आणि कुणाच्या वाट्याला काय जातंय हे आपल्या हातात अजिबात नाही, हे वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या अंगावर आलं.

शेवटी मैनानं डबा बाकावर ठेवून स्वतःचं उचललं. उघडलं, वाचलं, पुन्हा गुंडाळलं आणि पर्समध्ये ठेवलं. कुणाला दाखवलं नाही. बाहेर पडताना पुतळाबाईंच्या बाकाशी क्षणभर थांबली, "काकू, मंगळवारी आईंना नामपूरला पोहोचवायला जातेय. एस्टी स्टँडवर या," एवढं म्हणाली आणि गेली. तिच्या सुरळीत काय होतं, हे पुतळाबाईंना आजतागायत कळलेलं नाही. गल्लीनं त्यावर तीन वेगवेगळ्या बातम्या काढल्या, तिन्ही बिनबुडाच्या.

चर्चच्या पायऱ्यांवर भिकनभाऊ उभे होते. घंटा वाजवणारे, जिभेला हाड नसलेले. त्यांच्या हातात त्यांची सुरळी उलगडलेली होती, आणि भोवती ऐकायला पाच-सहा जण.

"पुतळाबाई, हे काय वचन झालं? ह्यात नुसतं देवाला विचारलंय, किती दिवस आमच्याकडे पाठ फिरवून बसणार म्हणून! प्रश्नच आहे, उत्तरच नाही! तुमच्या आधीच्या डब्यात कसं सगळं गोड असायचं. मग आता तुम्हीच सांगा ना, एवढं शास्त्र लिहिलंत आयुष्यभर. देव माणसाला दुःख देतोच कशाला?"

पुतळाबाईंनी पायरीवर पाय जपून ठेवला. दसकच्या घाटापासून पायऱ्यांचा त्यांना भरवसा राहिला नव्हता. मग म्हणाल्या, "भिकनभाऊ, त्याच्या वतीनं मी एकदा उत्तर लिहून बघितलंय, ते नामपूरच्या म्हातारीला फार महागात पडलं. आता त्याचं उत्तर त्यानंच द्यावं. तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तर मला सांगा, मी जेवण घेऊन येईन आणि गप्प बसेन."